जिथली जिवाणी तिथं

चंदना दारात आली तेव्हा गुणमाला मगदूम पाणी गाळत होत्या. गाळताना त्या बोलत नसत, हे सांगलीत सगळ्यांना ठाऊक होतं. चंदना उंबऱ्याशी थांबली.

दुहेरी घडीचं पांढरं फडकं घागरीवरून निघालं. गाळलेल्याच पाण्याच्या धारेखाली उलटं धरून ते तांब्यात धुतलं गेलं. मग तो तांब्या घेऊन गुणमाला परसातल्या आडाकडे गेल्या. परत आल्या तेव्हा चंदना डोळे पुसत होती.

"याच्यामुळंच, अक्का," फडक्याकडे बोट करत ती म्हणाली. "या फडक्यानं मी बाई मारली म्हणतात."

गाळल्यावर फडक्यात जे बारीक जीव राहतात, ते जिथून पाणी काढलं त्याच पाण्यात परत सोडायचे. त्या तांब्यातल्या पाण्याला जिवाणी म्हणतात. हा नेम पाळणारी जैन घरं आता थोडीच राहिली आहेत. गुणमालांचं घर त्यांतलं एक होतं, आणि चंदनाचं दुसरं.

गुणमालांनी पंचवीस वर्षं एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून काढली होती. निवृत्तीनंतर लोक त्यांच्याकडे खोट्या सह्या, हरवलेली माणसं, लग्नाआधीच्या चौकशा घेऊन येऊ लागले. त्या हलक्या आवाजात चार प्रश्न विचारत, आणि समोरच्याला घाम फुटे. बरोबर असत दादासो. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, जीप चालवणारे, विचारात सावकाश. पण दिलेला हुकूम कधी न विसरणारे.

चंदनानं सांगितलं ते असं. ती उंब्रजच्या पलीकडे, आंबेखोरीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका होती. अकरा दिवसांपूर्वी तिथं बायकांच्या शस्त्रक्रियांचं शिबिर झालं. अकरा जणी दाखल होत्या. दुसऱ्या दिवसापासून अकराही जणींना जुलाब-उलट्या. दहा वाचल्या. शिवांजली नावाची चोवीस वर्षांची पोर तिसऱ्या दिवशी गेली. पदरी दोन मुलं. मग कुणीतरी मोबाइलवर घेतलेलं चित्रण गावभर फिरलं. चंदना केंद्राच्या विहिरीत फडक्याचं पाणी सोडतेय, असं.

"उद्या चार वाजता चौकशी आहे. माझ्या अंधश्रद्धेमुळं पाणी दूषित झालं, असं पत्र त्यांनी टाइप करून ठेवलंय. सही केली तर बदलीवर भागेल. नाही केली तर बडतर्फ. पण अक्का, मी सही केली की चौकशी संपली. आणि ते पाणी तसंच राहील."

"तुला काही झालं नाही?"

"मी गाळून उकळलेलंच पिते. तेही माझ्यावरच उलटलंय. बघा, म्हणे, हिला कसं काही झालं नाही."

"फडक्यात काय दिसायचं?"

चंदनाला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. "ते टिपक्याएवढे, उड्या मारणारे. आधी पांढरे असायचे. शिमग्यापासून तांबूस दिसतात. रोज सकाळी ज्ञानूनं विहिरीत पावडर टाकली की नंतर मी पाणी काढते. शिवांजली गेली त्या दिवशी अष्टमी होती, माझा उपवास. त्या सकाळी तर फडकं वळवळत होतं."

"कुणाला सांगितलंस?"

"जयराज साहेबांना. दोनदा. ते हसले. म्हणाले, तुमच्या धर्मात दिसतात, आमच्या रजिस्टरात दिसत नाहीत."

गुणमालांनी फडकं दोरीवर वाळत घातलं. "दादासो, गाडी काढा."

केंद्राच्या फाटकावर संगमरवरी पाटी होती, जिल्ह्यातलं सर्वांत स्वच्छ केंद्र म्हणून मिळालेली. आत झेंडूचे वाफे, चुन्यानं रंगवलेल्या विटा. डॉ. पृथ्वीराज तरुण होते, दमलेले होते. पाण्याचं सगळं आरोग्य सहायक पाहतात, मी सह्या करतो, इतकंच ते म्हणाले. टेबलावर त्यांची घरून आणलेली स्टीलची बाटली होती. गुणमालांची नजर तिच्यावर गेलेली पाहून त्यांनी ती उगाचच खाली ठेवली.

आरोग्य सहायक जयराज मात्र मोकळा माणूस. त्यानं पाहुण्यांसाठी टेबलावरच्या जगातून पाणी ओतलं, स्वतःसाठी चहा मागवला. गुणमालांनी पेल्याला हात लावला नाही. दादासोंनी उचललेला पेला त्यांनी नुसत्या नजरेनं खाली ठेववला.

"आपण पाणी घेत नाही का?" त्यांनी विचारलं.

"आपलं इंधन चहा, बाई. त्यात आमच्या उंब्रजला नळाला पावडरीचा असा वास मारतो की घरचा चहा तोंडात धरवत नाही. म्हणून इथं आल्यावर चार कप."

मग त्यानं केंद्र फिरवून दाखवलं. पाटी त्याच्यामुळं मिळाली होती, हे तीन वेळा सांगून झालं. मागं नवं शौचालय होतं, आठ खोल्यांचं. शिमग्याआधी बांधलेलं.

"सगळी आखणी माझी. जागा मी दाखवली, दाखल्यावर सही माझी."

शौचालय आणि विहीर यांच्यामध्ये अळू माजलं होतं. पानं सुपाएवढी, काळपट हिरवी. दादासोंना वड्या आठवल्या, आणि ते तसं म्हणालेही. गुणमालांनी पदर नाकाला लावला.

विहिरीचं पाणी मोटारीनं गच्चीवरच्या टाकीत चढे आणि तिथून नळांना येई. रजिस्टर जाडजूड होतं. दर सोमवारी पाण्याची तपासणी, दर सोमवारी एकच शेरा: पिण्यास योग्य. जयराजनं पद्धत समजावली. छोट्या बाटलीत पाणी भरून ठेवायचं. मैल्याचे जंतू असले तर पाणी काळं पडतं. नसले तर तसंच राहतं. त्यानं हाक मारली तसा शिपाई ज्ञानू कालची बाटली घेऊन आला. पाणी तसंच होतं. दादासोंनी ती हातात घेतली, उजेडाला धरली.

"साफ हाय की. आन् गार पन हाय," ते म्हणाले.

शिवाय जिल्ह्याच्या प्रयोगशाळेचा अहवाल होता. शिवांजली गेली त्याच सकाळी जयराजनं स्वतः विहिरीचं पाणी नेलं होतं. जंतू नाहीत, क्लोरीन योग्य प्रमाणात. अहवालावर तारीख होती, शिक्का होता.

"पाणी मुळात चांगलं, म्हणजे घाण कुणीतरी बाहेरून सोडली," जयराज म्हणाला. "चित्रण तुम्ही पाहिलंच असेल."

खोलीबाहेर पडल्यावर दादासो हळूच म्हणाले, "अक्का, राग मानू नका. पन फडक्यातलं किडं परत हिरीत सोडायचं म्हंजे..."

"ते विहिरीतलेच असतात, दादासो. तुमच्या गोठ्यातली म्हैस चरायला नेली आणि संध्याकाळी परत आणून बांधली, तर गोठ्यात म्हशी वाढतात का?"

दादासो बोटांवर म्हशी मोजू लागले.

ज्ञानूला त्यांनी एकट्याला गाठलं, भांडारात. बारकासा, हसरा माणूस. पावडर कधी चुकवली नाही, असं तो देवाशपथ सांगत होता. कोपऱ्यात उघडं पडलेलं पोतं त्यानं दाखवलं. गुणमालांनी वाकून वास घेतला. मग दादासोंना घ्यायला लावला.

"खडू वाटतोय," दादासो म्हणाले. "आमच्या पलटनीत ही पावडर उघडली की डोळं चुरचुरायचं, पानी यायचं."

"हे पोतं कधी फोडलं?"

"गेल्या सालच्या उन्हाळ्यात, बाई. सरता सरत न्हाई."

"पाणी कुठलं पितोस?"

"हितलंच. नळाचं." त्यानं पोटावर हात फिरवला. "माजं पोट काय, बारा म्हैनं बिगडल्यालंच असतंय. सवय झालीया."

गुणमालांनी डोळे मिटून घेतले. क्षणभर. मग विचारलं, बाटली कुठं ठेवतोस?

ज्ञानूनं अभिमानानं लसींचा फ्रिज उघडला. लसींच्या मागं, अगदी तळाशी, बाटलीची जागा होती. "नमुना थंडीत ठिवायचा, जयराज सायबांनी शिकवलंय. जिल्ह्याला न्यायचा नमुना बी बर्फातच जातो की. मी लय जपतो. एकदाच नासली. गणपतीत डीपी जळाली, दोन दिस लाइट न्हाई. लशी उंब्रजला न्हेल्या, बाटली हितंच ऱ्हायली. मंगळवारी बगतो तर काळीठिक्कर. फ्रिज बंद, मग नासनारच."

"साहेबांना सांगितलंस?"

"व्हय. ते म्हणालं, फेकून दे, लाइट आल्यावर दुसरी भर. वरडलं बी न्हाईत. उलट म्हणालं, ज्ञानू, फ्रिजमदी ठिवतोस ते झ्याक करतोस."

गुणमालांनी कोऱ्या बाटल्यांचं खोकं मागून घेतलं. चष्मा लावून त्यावरचा बारीक मजकूर शेवटपर्यंत वाचला. एक बाटली नळावर भरली, बूच लावलं आणि दादासोंच्या हातात दिली.

"उद्या चारपर्यंत हिला पोटाशी बांधून ठेवा. कोंबडी अंड्यावर बसते तशी."

"झोपताना बी?"

"झोपताना तर नक्कीच."

शेवटी त्या अंबूबाईंकडे गेल्या. शिवांजलीची सासू. गावातच घर होतं. अंगणात दोन मुलं खेळत होती, त्यांना अजून नीट सांगितलेलं नव्हतं. अंबूबाई बोलायला तयार नव्हत्या. चंदनाकडून आलात म्हटल्यावर त्या थुंकल्याच.

"पक्षपाती हाय ती बया," त्या म्हणाल्या. "शेजारच्या खोलीत चार बाळंतिनी हुत्या. त्यांला शेगडीवरचं उकळल्यालं पानी. आमच्या पोरींच्या हालमदी मातूर नळ. म्हणं बाळंतिनीला गारठा बाधतो. त्या चारी ठनठनीत घरला गेल्या. आन् माजी?"

"शिवांजलीला पाणी कोण देत होतं?"

अंबूबाईंचा आवाज खाली आला. "मीच. जुलाबानं जीव सुकला तिचा. आत्ती, पानी द्या, पानी द्या. मी तांब्यावर तांब्या पाजला. सोताच्या हातानं."

सूर्य कलला होता. गुणमाला सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब घेत नसत. बरोबरची बाटली त्यांनी उघडली, आणि त्या घरात, त्या बाईसमोर, न पिता परत मिटली.

दुसऱ्या दिवशी चार वाजता केंद्राच्या सभाखोलीत तालुका आरोग्य अधिकारी डॉ. अपेक्षा बसल्या होत्या. टाइप केलेलं पत्र समोर, पेन त्याच्यावर. डॉ. पृथ्वीराज, जयराज, ज्ञानू भिंतीकडे. अंबूबाईंना गुणमालांनीच बोलावलं होतं. त्या दारातच बसल्या.

चंदना तांब्या घेऊन आत आली आणि तिनं तो टेबलावर ठेवला.

"आताच विहिरीचं पाणी गाळलंय," गुणमाला म्हणाल्या. "ही जिवाणी. सकाळी ज्ञानूनं नेहमीसारखी पावडर टाकलेली आहे. हे जीव लवकर परत सोडायचे असतात, म्हणून मी दोन घटका मागते. तुमच्या घड्याळाची अठ्ठेचाळीस मिनिटं. मॅडम, आधी आत पाहा."

डॉ. अपेक्षांनी वाकून पाहिलं. तांबूस टिपके उड्या मारत होते.

"मी पंचवीस वर्षं यांना काचेखाली धरलंय. क्लोरीनचा अंश जरी पाण्यात असला तरी हे तासाभरात मरतात. हे जिवंत आहेत. म्हणजे विहिरीत क्लोरीन नाही."

"मी रोज टाकतो," ज्ञानू कासावीस झाला.

"टाकतोस रे. पण ते पोतं दीड वर्ष उघडं आहे. त्यातला जोर उडून गेला, खडू राहिला. दादासोंचे डोळे चुरचुरले नाहीत तेव्हाच ते कळलं. तुझी चूक नाही. पोतं तपासायचं काम तुझं नव्हतं."

जयराज हसला. "जीव म्हणजे रोगजंतू नव्हेत, बाई. आणि प्रयोगशाळेचा अहवाल आहे. त्यात क्लोरीन आहे."

"आहे. अष्टमीच्या सकाळचा. त्याच सकाळी, त्याच विहिरीच्या पाण्यात चंदनाचं फडकं वळवळत होतं. तिचा उपवास होता, तिला तिथी चुकणार नाही. एकाच पाण्यात क्लोरीन आणि हे जीव एकत्र राहत नाहीत. म्हणजे जिल्ह्याला गेलेलं पाणी या विहिरीचं नव्हतं. ज्या नळाच्या पाण्याला पावडरीचा वास मारतो, चहा तोंडात धरवत नाही, अशा नळाचं ते होतं. उंब्रजच्या. तुमच्या स्वयंपाकघरातल्या."

डॉ. अपेक्षांनी अहवालावरची तारीख पाहिली.

"आता रोगजंतूंचं. दादासो."

दादासोंनी सदऱ्याची बटणं काढली. पोटाला पटक्यानं बांधलेली बाटली सोडून त्यांनी टेबलावर ठेवली. सावकाश, जिवंत हातगोळा ठेवावा तशी. आतलं पाणी डांबरासारखं काळं होतं. डॉ. अपेक्षांनी खुर्ची मागं सरकवली.

"काल दुपारी याच नळावर भरली," गुणमाला म्हणाल्या. "खोक्यावर लिहिलंय, बाटली उबेच्या जागी ठेवावी. थंडीत जंतू वाढत नाहीत आणि पाणी काळं पडत नाही. तुमच्या बाटल्या लसींच्या फ्रिजमध्ये राहतात. काल दादासोंच्या हाताला ती गार लागली तेव्हा मला पहिली शंका आली. शिमग्यापासून दर सोमवारी योग्य, योग्य, योग्य. मैला होता. फक्त गारठून गप्प बसला होता."

ज्ञानूचं तोंड उघडंच राहिलं. "म्हंजे माज्यामुळं..."

"नमुना थंडीत ठेवायचा, हे तुला जिल्ह्याच्या बाटलीसाठी शिकवलं होतं. तू भोळेपणानं दोन्हींना लावलंस. पण गणपतीत लाइट गेली, फ्रिज बंद पडला, आणि बाटली पहिल्यांदा खरं बोलली. तुला वाटलं, नासली. ज्याला काळ्याचा अर्थ माहीत होता, त्याला काय वाटलं? त्या आठवड्याचा शेरा पाहा, मॅडम. पिण्यास योग्य. आणि शिपायाला शाबासकी, की फ्रिजमध्येच ठेवत जा."

डॉ. पृथ्वीराजांनी रजिस्टर उघडलं. खाली त्यांचीच सही होती. त्यांनी ते मिटलं.

"पण का?" डॉ. अपेक्षांनी विचारलं. "काळी आली असती तर विहीर साफ केली असती, इतकंच."

"आधी विचारलं गेलं असतं, घाण आली कुठून. शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून माझ्या पावलांनी सोळा पावलांवर आहे. वर अळू माजलंय. जागा साहेबांनी दाखवली, अंतर पुरेसं आहे या दाखल्यावर सही त्यांची. तो बांधल्यापासून हे पांढरे जीव तांबूस झाले. पाण्यातली हवा संपली की ते लाल होतात. चंदनानं दोनदा येऊन सांगितलं. बाळंतिणींना ती उकळून देत होती, म्हणून त्या चौघी वाचल्या. हॉलमधल्या अकरा जणी साहेबांच्या रजिस्टरावर विसंबल्या."

गुणमालांचा आवाज चढला नव्हता. पण त्या शब्द असे ठेवत होत्या, जणू प्रत्येकाला हात लावायचीही किळस यावी.

"कापलेल्या पोटाच्या बायका. त्यांना आपण संडासाचं पाणी पाजलं. फाटकावर संगमरवर लावून."

त्यांनी जगातून एक पेला भरला आणि जयराजपुढे सरकवला. "पाणी चांगलं असेल तर घ्या. मी पत्रावर चंदनाची सही करवून देते."

जयराजनं पेल्याकडे पाहिलं. साहेब गप्प आहेत हे पाहून ज्ञानूनंच त्यांची अब्रू राखायला हात पुढं केला. "मी पितो की, रोजच पितोय..." गुणमालांनी पेल्यावर आपला तळवा ठेवला.

"तू नको, बाळा. तुला माहीत नव्हतं. माहीत असणाऱ्यानं चहाच प्यायला."

जयराजच्या कपाळावर घाम होता. "मी कुणाला माझ्या हातानं पाणी पाजलेलं नाही," तो म्हणाला.

"न्हाई," दारातून अंबूबाई म्हणाल्या. "माज्या हातानं पाजलंस."

डॉ. अपेक्षांनी चंदनासमोरचं पत्र ओढून घेतलं, आडवं फाडलं आणि कोरा कागद मागवला. नळ तेवढ्यातच बंद करायला सांगितले. शोषखड्डा उपसायचा, विहिरीत उद्या नवी पावडर भरपूर टाकायची, पोलिसांना आजच कळवायचं. त्या भराभर लिहीत होत्या. डॉ. पृथ्वीराज फाटकाकडे गेले, आणि थोड्या वेळानं तिकडून संगमरवरावर हातोडी पडल्याचा आवाज आला.

चंदना तांब्या घेऊन विहिरीवर गेली. तिच्याकडं तळाला कडी असलेली छोटी बादली होती. पाण्याला टेकली की दुसरी दोरी ओढून उलटी करता येई, म्हणजे उंचावरून पडून जीव मरू नयेत. तिनं जिवाणी बादलीत ओतली आणि तशीच थांबली.

"उद्या इथं पावडर पडणार, अक्का. मग हे मरणारच. मी यांना मरणाच्याच पाण्यात सोडायचं?"

दादासोंनी गुणमालांकडे पाहिलं.

"पावडर पडायलाच हवी," गुणमाला म्हणाल्या. "पाप लागेल ते लागेल, मी प्रतिक्रमणात त्याची क्षमा मागेन. पण आज यांची जागा हीच आहे. तू तुझा नेम कर."

दोन दोऱ्या एकटीला आवरेनात. मागून कुणाचातरी खरखरीत हात आला आणि त्यानं एक दोरी धरली.

अंबूबाई होत्या. त्यांनी वाकून बादलीत पाहिलं, तिथल्या त्या लाल टिपक्यांकडं.

"हळू सोड गं," त्या म्हणाल्या. "जित्ती हायती."